सल्लागाराचें बळ

धन्यास गोड लागेल तें सांगणारे पुष्कळ असतात. त्याच्या हिताचें कटु वचन सांगणारा विरळा. विसाव्या शतकांत दरबाराच्या जागीं मोठमोठे कारखाने आले, आणि मंत्र्याच्या जागीं कारभाराचा सल्लागार. ह्या नव्या वर्गांत पीटर ड्रकर ह्यांचें चरित्र मननीय आहे.

त्यांचा जन्म १९०९ सालीं व्हिएन्ना येथें झाला. पुढें ते जर्मनींत वृत्तपत्रांत लिहूं लागले. परंतु १९३३ सालीं हिटलर सत्तारूढ होतांच त्यांनीं तो देश सोडला. इंग्लंडमध्यें कांहीं वर्षें काढून १९३७ सालीं ते अमेरिकेस गेले. पुढाऱ्याची मोहिनी राष्ट्राला कोठें नेते, हें त्यांनीं पाहिलें होतें. म्हणूनच नेतृत्व म्हणजे तेज किंवा वक्तृत्व नव्हे, तें एक काम आहे, जबाबदारी आहे, आणि हाताखालच्या माणसांचे गुण हेरून ते कामीं लावणें हाच त्याचा मुख्य भाग, असें ते जन्मभर शिकवीत राहिले.

१९४३ सालीं जनरल मोटर्स ह्या बलाढ्य मोटार-कंपनीनें आपल्या कारभाराचा अभ्यास करण्यास त्यांना पाचारण केलें. १९४६ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला. विभागांना स्वातंत्र्य देण्याच्या कंपनीच्या पद्धतीची त्यांत प्रशंसा होती. परंतु जुनीं धोरणें पुन्हां तपासावींत आणि कामगारांवर अधिक जबाबदारी सोंपवावी, असेंही त्यांत सांगितलें होतें. कंपनीच्या धुरीणांस तें रुचलें नाहीं. सल्लागाराच्या हातीं सत्ता नसते. ड्रकरांनीं आपलें मत मात्र बदललें नाहीं.

१९५४ सालच्या ग्रंथांत त्यांनीं आणखी एक सिद्धान्त मांडला: उद्योगाचा हेतु गिऱ्हाईक निर्माण करणें हा होय, नफा ही त्या कामाची कसोटी. आपल्या पेठेंतील उदाहरण घ्या. वाण्यास वाटतें, आपण साखर विकतों. गिऱ्हाईक मात्र खऱ्या मापाचा भरंवसा विकत घेत असतें. भरंवसा गेला कीं साखर तशीच राहते आणि दुकान बसतें. तेव्हां आपला धंदा कोणता, हें ठरविणारा दुकानदार नसून गिऱ्हाईक असतें.

जपानी उद्योगपतींनीं हा उपदेश मनावर घेतला. १९६६ सालीं जपान सरकारनें ड्रकरांचा गौरव केला. रुग्णालयें व सेवाभावी संस्था ह्यांनाही त्यांनीं सल्ला दिला. २००२ सालीं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं त्यांना सर्वोच्च नागरी सन्मान दिला, आणि २००५ सालीं ते निवर्तले.

चारच वर्षांनीं, २००९ सालीं, जनरल मोटर्सला दिवाळखोरीच्या न्यायालयाचें दार ठोठवावें लागलें. एका ग्रंथाच्या उपेक्षेनें हें घडलें असें म्हणणें इतिहासाचा विपर्यास होईल. त्याचीं कारणें अनेक होतीं. तथापि जी संस्था वैभवाच्या काळीं स्वतःस प्रश्न विचारूं देत नाहीं, तिला तेच प्रश्न पुढें संकट विचारतें. आणि संकट उत्तरासाठीं फारसा अवधि देत नाहीं.