चहाचा तुरटपणा

९ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईहून निघालेली एक खास आगगाडी चिंचवड स्थानकावर थांबविण्यांत आली. त्याच दिवशीं पहांटे मुंबईंत पकडलेल्या पुढाऱ्यांपैकीं महात्मा गांधी, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू व मीराबेन यांना तेथें उतरवून मोटारीनें पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत नेलें. काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद पुढें अहमदनगरच्या किल्ल्यांत गेले. सहाव्या दिवशीं महादेवभाई त्या बंदिवासांतच वारले. ऑगस्ट संपण्यापूर्वींच गांधीजींनीं आरोग्यावरील एक लहानसें पुस्तक गुजरातींत लिहावयास घेतलें आणि डिसेंबरांत संपविलें. ‘आरोग्याची किल्ली’ तें हेंच.

त्यांत चहाची झडती घेतलेली आहे. गाळणींत पत्ती ठेवून वरून उकळतें पाणी ओतावें, गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग उतरला कीं थांबावें. असा चहा निरुपद्रवी, असें गांधीजींचें मत. परंतु पत्ती फार वेळ उकळली कीं तींतून टॅनिन सुटतें. आणि ज्या टॅनिननें चामडें कमावून कठीण करतात, तें पोटांतील नाजूक अस्तरावरहि तसाच परिणाम करतें. घरोघरच्या पातेल्यांत खळखळणाऱ्या चहावर हा आरोप होता, आणि तो लहान नव्हता.

मात्र टॅनिन हें एका द्रव्याचें नांव नव्हे. अनेक तुरट वनस्पतिज द्रव्यांचें तें कुलनाम होय. चहाच्या पानांतील मुख्य तुरट द्रव्य कोणतें, याचा उलगडा जपानांत आधींच होऊं लागला होता. मिचियो त्सुजिमुरा या विदुषींनीं १९२९ सालीं हिरव्या चहांतून कॅटेचिन स्फटिकरूपानें वेगळें केलें. १९३२ सालीं त्यांना कृषिशास्त्राची डॉक्टर ही पदवी मिळाली. ती मिळविणाऱ्या जपानांतील त्या पहिल्याच स्त्री. १९४२ सालीं जपानहून हिंदुस्थानांत येई ती युद्धाची वार्ता. पानाच्या रसायनाची कोण आणणार?

या द्रव्याचें नांव मराठी माणसास परकें वाटूं नये. युरोपीय लोक कातास कॅटेच्यू म्हणत, त्यावरून कॅटेचिन. खैराचा गाभा उकळून कात काढण्याचा धंदा कातकरी जमातीच्या नांवांत अद्याप शिल्लक आहे. कातानें चामडेंहि कमावतात. तेव्हां गांधीजींची उपमा अगदींच निराधार नव्हती. पण चहांतील कॅटेचिनांचे रेणू लहान. कातडें कमावण्याइतकी पकड त्यांना नाहीं. लाळेंतील प्रथिनांना मात्र ते धरतात, आणि जिभेला तुरटपणा लागतो तो त्यामुळेंच.

तेल उघडें राहिलें कीं खवट होतें, हें हवेंतील प्राणवायूचें कर्म. कॅटेचिन स्वतःजवळचा हायड्रोजन देऊन ही क्रिया मध्येंच रोखतें. असेच उपद्रवी मुक्त मूलक शरीरांतहि निर्माण होतात व त्यांमुळें वार्धक्य येतें, असा सिद्धांत डेन्हॅम हार्मन यांनीं १९५६ सालीं मांडला. पुढें याच विचारसरणीच्या आधारें कॅटेचिनांची गणना अँटिऑक्सिडंट म्हणून होऊं लागली, आणि कालचा आरोपी वैद्याच्या आसनावर बसला! गांधीजींच्या गाळणींत जें मागें राही, तेंच आतां गुणकारी ठरलें.

परंतु परीक्षानळी म्हणजे माणूस नव्हे. प्यालेल्या कॅटेचिनांपैकीं थोडाच भाग रक्तांत पोंचतो, आणि तोहि लवकर रूपांतर पावतो. चिंचवडच्या कारखान्यांबाहेर टपरीवर उकळणारा चहा तर काळ्या पत्तीचा. ती तयार होतांना कॅटेचिनें एकमेकांस जोडलीं जाऊन त्यांचें बरेंचसें मूळ रूप गेलेलें असतें. वर पडणाऱ्या दुधांतील प्रथिनें उरलेल्यांस धरून ठेवतात तीं वेगळींच. शिवाय जेवणाबरोबर घेतलेला चहा धान्य-भाज्यांतील लोहाचें शोषण कमी करतो. ज्या घरांतील बायका पांडुरोगानें आधींच निस्तेज, तेथें ही गोष्ट किरकोळ नाहीं. म्हणजे तुरट द्रव्याविषयीं गांधीजींना आलेली शंका रास्त होती, तिचें कारण तेवढें निराळें निघालें.

पानाचा अर्क काढून तो गोळ्यांत भरण्याची चाल त्यानंतरची. एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट हें हिरव्या चहांतील प्रमुख कॅटेचिन अशा गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतल्यास यकृतास इजा होत असल्याचीं चिन्हें रक्ततपासणींत दिसतात, असा निष्कर्ष युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१८ सालीं काढला. पाण्यांत पत्ती घालून नेहमींच्या रीतीनें केलेला हिरवा चहा मात्र त्यानें सामान्यतः सुरक्षित मानला.