पहिले ५१२ बाइट कुणाचे?

आपल्या सातपूरच्या एमआयडीसीत अशा शेड बऱ्याच आहेत, जिथं मशीनचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालतं. मालकाच्या मुलाला मात्र लिनक्स हवं असतं. मग ठरतं, एकाच संगणकावर दोन्ही ठेवू. पण जुनं शाबूत ठेवून नवं आत आणायचं कसं? त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो.

१९८३ साली पीसी डॉस २.० आलं, तेव्हापासून हार्ड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांना महत्त्व आलं. त्यात ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या कोडसाठी आणि ६४ बाइट चार पार्टिशनच्या नोंदीसाठी. म्हणजे डिस्कचा सातबाराच म्हणा ना! विंडोज इन्स्टॉल होताना तिथं स्वतःचा कोड लिहायचं, आधी कोण राहतंय हे विचारायचं नाही. त्यावरूनच नियम पडला: आधी विंडोज, मग लिनक्स.

इन्स्टॉलेशनचं साधन मात्र बदलत गेलं. सुरुवातीला १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांची चळत. त्यातली एक खराब निघाली की अख्खी रात्र वाया. १९९५ साली ‘एल टोरिटो’ हे तंत्र ठरलं आणि संगणक थेट सीडीवरून सुरू होऊ लागला. आपल्याकडे पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची. २००५ ते २०११ या काळात उबुंटूची सीडी तर टपालानं फुकट मिळायची.

मग आला पेन ड्राइव्ह. त्यावर आयएसओ फाइल नुसती कॉपी करून भागत नाही. ती बूट होईल अशी लिहावी लागते, आणि लिहिताना ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. एकदा घाईत मी पेन ड्राइव्हऐवजी संगणकाचीच डिस्क निवडली. ड्रॉइंगची तीन वर्षांची फोल्डरं गेली. बॅकअप नव्हता.

आता यूईएफआयमुळे प्रत्येक सिस्टिमला एका छोट्या पार्टिशनमध्ये स्वतःचं फोल्डर मिळतं. त्यामुळे त्या ५१२ बाइटांचं भांडण बरंचसं मिटलं. पण ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय आजही पडद्यावर येतोच, आणि बटण आपणच दाबतो. म्हणून आधी बॅकअप घ्या, ड्राइव्हचं नाव आणि साइज दोनदा वाचा, मगच पुढं जा.