वाकून उचललेलं तेर

आमचं लासूर स्टेशन म्हणजे आडत्यांचं गाव. इथे वस्तूचा भाव काट्यावर ठरतो आणि फुटकं-तुटकं भंगारात जातं. म्हणूनच धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला शासकीय वस्तुसंग्रहालयाच्या पाटीवर एका व्यापाऱ्याचं नाव वाचून मी थबकलो. रामलिंगप्पा लामतुरे, तेरचेच.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचं लिहिलंय; तिथलं कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जाई. लिहिणारा निनावी, पण बहुधा तोही व्यापारीच. तगर ते हेच, असं संशोधक जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये मांडलं. गावाला मात्र आपली पांढर ठाऊक होतीच. पाऊस पडून गेला की जुन्या टेकाडांवर मणी, नाणी, खापरं उघडी पडतात. लामतुरे ती जमवत राहिले. 1958 मध्ये पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं, आणि पुढे लामतुऱ्यांच्या चिरंजीवांनी घरचा संग्रह शासनाच्या हवाली केला. आज तिथल्या वस्तू वीस हजारांवर आहेत.

मी रेंगाळलो ते बाहुल्यांपाशी. पांढुरक्या केओलिन मातीच्या, आतून पोकळ. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून मग जोडायचा, ही रोमन धाटणीची रीत. नीट पाहिलं तर कडेचा सांधा सापडतो. संत गोरोबाकाका कुंभारांच्या गावात मातीचं काम असं हजार-बाराशे वर्षं आधीच मुरलेलं!

आणि ती हस्तिदंती स्त्री, दागिन्यांनी मढलेली. तिचं भावंड शोभावं अशी एक मूर्ती 1938 मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेखालून निघाली. ज्वालामुखीने ते शहर इ.स. 79 मध्ये गाडलं होतं. पाँपेईच्या त्या मूर्तीच्या डोक्यात भोक आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ की एखाद्या चौरंगाचा पाय, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. आपल्या भोकरदनच्या 1973 च्या उत्खननातही याच घराण्यातला हस्तिदंती तुकडा मिळाला.

उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची कोरीव लाकडी दारचौकटही इथे आहे. निघताना पुन्हा मण्यांकडे वळलो. काही तर बाजरीच्या दाण्याएवढे. आमच्याकडे एवढा माल काट्यावरून सांडला तर कुणी वाकतसुद्धा नाही.