‘आउटविथ’ : स्कॉटलंडच्या कार्यालयीन इंग्रजीतील एक जुना शब्द

स्कॉटलंडमध्ये नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसाला हा शब्द बहुधा कागदावरच प्रथम भेटतो. दवाखान्याच्या सूचनाफलकावर ‘आउटविथ ऑफिस अवर्स’, विद्यापीठाच्या परिपत्रकात ‘आउटविथ टर्म टाइम’, नोकरीच्या करारात ‘आउटविथ द टर्म्स ऑफ धिस अ‍ॅग्रीमेंट’. भारतात शिकलेल्या इंग्रजीत हा शब्द आढळत नसल्याने तो ‘विदाउट’चा मुद्रणदोष असावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु तो दोष नव्हे. त्याला काही शतकांचा इतिहास आहे.

अर्थ आणि उच्चार

‘आउटविथ’ हे मुख्यत्वे शब्दयोगी अव्यय असून त्याचा अर्थ ‘बाहेर’, ‘पलीकडे’, ‘कक्षेबाहेर’ असा होतो. इंग्रजीत ते नामाच्या आधी येते. उच्चारताना आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘विथ’वर पडतो. स्कॉट्स बोलीत ‘आउट’चा उच्चार ‘ऊट’ असा होत असल्याने ‘ऊटविथ’ असे रूपही ऐकू येते.

व्युत्पत्ती

‘आउट’ आणि ‘विथ’ या दोन घटकांपासून हा शब्द झाला. येथील ‘विथ’ म्हणजे ‘सह’ नव्हे. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘विरुद्ध’, ‘समोर’, ‘कडे’ असा होता. ‘विथस्टँड’ म्हणजे विरोधात टिकून राहणे, या शब्दात तो जुना अर्थ अजूनही दिसतो. ‘विदिन’ आणि ‘विदाउट’ हे शब्दही याच ‘विथ’पासून झाले. ‘विदाउट’मधील घटकांचा क्रम उलटा केला की ‘आउटविथ’ मिळतो. मध्ययुगीन इंग्रजीच्या उत्तरेकडील बोलींत त्याची जुनी रूपे आढळतात. स्कॉट्समध्ये त्याच्या जोडीला ‘इनविथ’ हा ‘आत’ या अर्थाचा शब्दही होता; तो मागे पडला, ‘आउटविथ’ मात्र टिकला.

तो का टिकला?

‘विदाउट’ या शब्दाला पूर्वी ‘शिवाय’ आणि ‘बाहेर’ असे दोन्ही अर्थ होते. लंडन शहरातील ‘फॅरिंग्डन विदिन’ आणि ‘फॅरिंग्डन विदाउट’ या प्रभागांची नावे त्याची साक्ष देतात : पहिला जुन्या तटबंदीच्या आतला, दुसरा बाहेरचा. पुढे प्रमाण इंग्रजीत ‘विदाउट’चा ‘बाहेर’ हा अर्थ लोपत गेला आणि त्या जागी ‘आउटसाइड’ व ‘बियाँड’ रूढ झाले. स्कॉटलंडमध्ये ‘विदिन’चा नेमका विरुद्धार्थी शब्द म्हणून ‘आउटविथ’ आधीपासूनच वापरात होता.

यासोबत संस्थात्मक पार्श्वभूमीही लक्षात घ्यावी लागते. १७०७मध्ये इंग्लंडशी एकीकरण झाले, तरी स्कॉटलंडची न्यायव्यवस्था स्वतंत्र राहिली. चर्च आणि शिक्षण यांनीही आपले वेगळेपण जपले. नोटिसा, ठराव आणि निवाडे लिहिणारा वर्ग स्थानिकच राहिला. हद्द, अधिकार आणि मुदत यांचा सतत उल्लेख करणाऱ्या अशा लेखनाला हा शब्द सोयीचा होता.

नकळत वापरला जाणारा शब्द

अठराव्या शतकात सुशिक्षित स्कॉट मंडळी आपल्या लेखनातून स्थानिक शब्द काढून टाकण्यासाठी धडपडत होती. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७५२मध्ये, तर जेम्स बीटी यांनी १७८७मध्ये टाळावयाच्या अशा प्रयोगांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. तरीही अनेक प्रयोग टिकून राहिले, कारण वापरणाऱ्यांना ते स्थानिक वाटतच नव्हते. जुन्या स्कॉट्स भाषेच्या कोशाचे संपादक ए. जे. एटकेन यांनी अशा प्रयोगांना ‘प्रच्छन्न’ म्हटले आणि हेतुपुरस्सर वापरल्या जाणाऱ्या ‘उघड’ प्रयोगांपासून वेगळे केले. ‘आउटविथ’ हे प्रच्छन्न प्रकाराचे ठळक उदाहरण होय. २०११च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असे नोंदवले. पण ‘मला स्कॉट्स येत नाही’ असे सांगणारा अधिकारीही पत्रात ‘आउटविथ’ सहज लिहून जातो.

व्यवहारात काय ध्यानी ठेवावे?

मराठीत ‘विना’ आणि ‘बाहेर’ हे शब्द निराळे असल्यामुळे हा भेद आपल्याला चटकन उमगतो. ‘विदाउट द कॉन्ट्रॅक्ट’ म्हणजे कराराविना. ‘आउटविथ द कॉन्ट्रॅक्ट’ म्हणजे कराराच्या कक्षेबाहेर. पहिल्यात करारच नाही. दुसऱ्यात करार आहे, पण प्रस्तुत बाब त्यात बसत नाही. म्हणून सहकाऱ्याच्या मसुद्यातील ‘आउटविथ’ खोडून तेथे ‘विदाउट’ लिहिणे ही सुधारणा नव्हे. त्याने कलमाचा अर्थच पालटतो. पर्याय हवाच असेल तर ‘आउटसाइड’ किंवा ‘बियाँड’ योजावा.

मात्र ‘आउटसाइड’च्या प्रत्येक जागी ‘आउटविथ’ चालत नाही. ‘बाहेर थांबा’ किंवा ‘घराची बाहेरची बाजू’ अशा ठिकाणी ‘आउटसाइड’च योग्य. वेळ, हद्द, अधिकार, नियम आणि नियंत्रण यांच्या मर्यादा सांगताना ‘आउटविथ’ शोभतो. स्कॉटलंडमधील पत्रव्यवहारात तो निःशंकपणे वापरावा. वाचक लंडनचा, दुबईचा वा पुण्याचा असेल, तर ‘आउटसाइड’ लिहिणे अधिक सुरक्षित; कारण स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे हा शब्द अनेक इंग्रजी भाषकांनाही अपरिचित आहे.