वाघ-बकरीचा पट : रानमुलखातील एका खेळाचा इतिहास

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील कोहमारा हे गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर असून त्याच्या एका अंगाला नवेगावचे, तर दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याचे जंगल येते. ही जंगले २०१३ मध्ये एकाच व्याघ्र प्रकल्पात आली. पण वाघाचा वावर गृहीत धरून गुरे-शेळ्या राखण्याची या मुलखाची रीत त्याहून फार जुनी आहे. वाघ-बकरी हा बैठा खेळ, म्हणजे जागेवर बसून पटावर खेळायचा खेळ, भारतात अनेक ठिकाणी आढळत असला, तरी त्याचे नियम अशाच रानाच्या कडेला पुरतेपणी उलगडतात.

पाच आडव्या आणि पाच उभ्या रेषांच्या छेदांतून पंचवीस घरे तयार होतात. त्यांवर दोन मोठे कर्ण आणि चारही बाजूंचे मध्य जोडणाऱ्या तिरप्या रेषा काढल्या की पट पुरा होतो. चार वाघ चार कोपऱ्यांत बसतात आणि वीस बकऱ्या एकेक करून पटावर येतात. सर्व बकऱ्या उतरेपर्यंत एकीलाही हलता येत नाही, वाघ मात्र प्रत्येक पाळीला रेषेवरून एक घर सरकतो किंवा लगतच्या बकरीवरून सरळ उडी घेऊन, पलीकडचे घर रिकामे असल्यास, तिला मारतो. बकरीला मारता येत नाही. चारही वाघांची वाट बंद करणे हाच तिचा विजय, तर ठरावीक बकऱ्या, बहुधा पाच, मारल्या की वाघ जिंकतो.

या नियमांत गुराख्याचा अनुभव स्पष्ट दिसतो. जिच्या पाठचे घर भरलेले आहे ती बकरी त्या दिशेने सुरक्षित राहते, कडेवरच्या बकरीवरून फक्त कडेच्याच रेषेने उडी घेता येते, कोपऱ्यातली तर मारताच येत नाही. म्हणून जाणता खेळाडू आधी कडा धरतो आणि कळप विस्कळीत होऊ न देता वाघांची जागा आवळत नेतो. बुद्धिबळात दोन्ही सैन्ये सारखी असतात, येथे बळ आणि संख्या समोरासमोर येतात, आणि त्यातही बकरीची बाजू अधिक कठीण व अधिक शिकवणारी आहे. तरीही पट कोणाकडे झुकलेला नाही : लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या संशोधकांनी संगणकाच्या आधारे दाखवले की, दोन्ही बाजू अचूक खेळल्यास डाव बरोबरीत सुटतो.

नेपाळात हाच पट बाघचाल म्हणून खेळतात, तर तमिळनाडूतील आडु-पुलि आट्टमात त्रिकोणी पटावर तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असतात. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी ज्या भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला, तो ब्रिटिश काळी मध्य प्रांतात होता, आणि त्याच प्रांतातील बैठ्या खेळांवर भूवैज्ञानिक हेमचंद्र दासगुप्त यांनी १९२० च्या दशकात बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात टिपणे लिहिली. पुढे १९५२ मध्ये एच. जे. आर. मरे यांनी जगातील पटावरच्या खेळांचा इतिहास लिहिताना अशा असमान बळाच्या खेळांचा शिकारीचे खेळ असा स्वतंत्र वर्ग केला.

नाशिकच्या पांडवलेण्यांसारख्या ठिकाणी कातळावर कोरलेले खेळांचे पट टिकून आहेत, पण रानात मातीवर काठीने ओढलेला आणि खडे-चिंचोक्यांनी खेळलेला पट पहिल्या पावसात पुसला जातो. म्हणून कोहमाऱ्याच्या परिसरातील शाळांनी गावातल्या जुन्या माणसांकडून या खेळाचे पट आणि नियम आजच लिहून घ्यावेत.