काचेआडची कोंबडी आणि पोत्यातले ऊन

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या थंड प्रदेशांतील कुक्कुटपालकांना दर वर्षी एका दुखण्याला तोंड द्यावे लागे. हिवाळ्याच्या अखेरीस उबवलेली पिल्ले थंडीमुळे बंद घरात वाढवली जात. दाणापाणी भरपूर मिळूनही काही आठवड्यांत त्यांचे पाय लटपटू लागत, उभे राहणे अशक्य होई आणि अनेक पिल्ले दगावत. अंगणात हिंडणाऱ्या पिल्लांना हा त्रास सहसा होत नसे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील ई. बी. हार्ट, जे. जी. हॅल्पिन आणि हॅरी स्टीनबॉक यांनी या लंगडेपणाचा शोध घेण्यास प्रारंभ केला. दोष प्रथम अर्थातच खाद्यात शोधला गेला.

त्याच सुमारास माणसांच्या मुलांमधील मुडदुसाचे कोडेही उलगडत होते. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या वाफेच्या क्वार्ट्झ दिव्याचा प्रकाश टाकला आणि त्यांची हाडे सुधारली. एकाच हातावर प्रकाश टाकला तरी दुसऱ्या हाताचे हाडही भरून येत होते. प्रकाशामुळे शरीरात काहीतरी तयार होते आणि ते रक्तावाटे सर्वत्र पोहोचते, असाच याचा अर्थ होता. १९२२ मध्ये हचिसन आणि शाह यांनी आपल्या नाशिक परिसरातील पाहणी प्रसिद्ध केली. पडद्यात राहणाऱ्या सुखवस्तू घरांतील स्त्रिया व मुले यांच्यात हाडांचे विकार आढळत होते. निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या, पण दिवसभर उन्हात राबणाऱ्या कुटुंबांत ते दिसत नव्हते. मुडदुसाच्या इतिहासातील हा भारतीय पुरावा आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र क्वचितच भेटतो.

विस्कॉन्सिनच्या गटाने १९२३ मध्ये पिल्लांबाबत हेच दाखवून दिले. ऊन किंवा क्वार्ट्झ दिव्यातील अतिनील प्रकाश मिळाल्यास त्याच खाद्यावर पिल्लांचे पाय धड राहत. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन मात्र निरुपयोगी ठरे. यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. त्वचेतील स्टेरॉल रेणूचे एक कडे उघडण्यासाठी साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा फोटॉन लागतो आणि साधी काच नेमके हेच किरण अडवते. काचेतून उजेड येतो, ऊब येते, म्हणून ऊन मिळाल्याचा भास होतो, एवढेच.

अंडी देणाऱ्या कोंबडीच्या बाबतीत परिणाम याहून ठळक होते. एका अंड्याच्या कवचासाठी तिला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते आणि ते खाद्यातून शोषून घेण्यासाठी ड जीवनसत्त्व हवे. ते कमी पडले की कोंबडी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागते. १९२५ मध्ये हार्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, अतिनील प्रकाश मिळणाऱ्या कोंबड्या अधिक अंडी देतात आणि त्या अंड्यांतून पिल्लेही अधिक निघतात. त्याच वर्षी कॅन्ससमधील ह्यूजेस, पेन आणि सहकाऱ्यांना आढळले की, कोंबडीला जितका अतिनील प्रकाश मिळेल, तितके अंड्यातील मुडदूसरोधक जीवनसत्त्व वाढते. आईच्या अंगावरचे ऊन असे बलकात उतरत होते.

दरम्यान, १९२४ मध्ये स्टीनबॉक यांनी खाद्यावरच अतिनील प्रकाश टाकून त्यात हा गुण आणला. मग प्रकाशित केलेले एर्गोस्टेरॉल औषध म्हणून पुढे आले आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला. कोंबडीने मात्र ते मानले नाही! उंदरांचा मुडदूस बरा करणारी मात्रा पिल्लांना पुरेना, हे १९३० मध्ये मॅसेंगेल आणि नुसमायर यांनी नोंदवले. उंदरांच्या मोजणीने तितक्याच ताकदीचे कॉड माशाच्या यकृताचे तेल पिल्लांवर कितीतरी अधिक प्रभावी ठरत होते. म्हणजे ही दोन वेगळी द्रव्ये असली पाहिजेत. १९३४ मध्ये वॅडेल यांनी पिल्लांवरील प्रयोगांतूनच दाखवले की, अशुद्ध कोलेस्टेरॉलमध्ये दडलेला पूर्वपदार्थ एर्गोस्टेरॉल नव्हे. पुढे जर्मनीत विंडाउस यांच्या प्रयोगशाळेत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल आणि त्यापासून बनणारे ड-३ यांची ओळख पटली. माणसाच्या त्वचेतही हेच ड-३ बनते. केवळ उंदरांवर विसंबून राहिलो असतो, तर आपल्या स्वतःच्या त्वचेतील हे रसायन ओळखायला कदाचित आणखी वेळ लागला असता.

या शोधाचा कोंबडीला झालेला लाभ दुहेरी होता. यकृताचे तेल आणि पुढे ड-३ खाद्यात मिसळता येऊ लागताच तिला बाहेर सोडण्याचे एक मोठे कारण संपले. वर्षभर छपराखाली अंडी घेणारा आजचा उद्योग ज्या आधारांवर उभा आहे, त्यांतील हा एक. आपल्याकडे नामक्कलच्या उघड्या बाजूंच्या शेडमध्ये उजेड असतो, पण पिंजऱ्यातील कोंबडीच्या अंगावर थेट ऊन फारसे पडत नाही. तिचे ऊन पोत्यातून येते. कवचापुरते ते पुरतेही.

हाडांचे गणित मात्र तेवढ्याने सुटले नाही. १९५५ मध्ये अमेरिकेत काउच यांनी पिंजऱ्यातील अंड्यांवरच्या कोंबड्यांत पाय लुळे पडण्याचा विकार नोंदवला. या वेळी कारण निराळे होते. सततच्या अंड्यांसाठी हाडांतून निघणारे कॅल्शियम आणि हालचालीला नसलेली जागा, यांमुळे हाडे ठिसूळ होत होती. भारताच्या विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या निवासाविषयी २६९ वा अहवाल दिला, तेव्हाही वादाच्या केंद्रस्थानी पिंजराच होता.

अतिनील दिव्याकडे आता पुन्हा लक्ष वळले आहे. जर्मनीतील हॅले येथील संशोधकांनी गेल्या दशकात असे दिवे लावून बलकातील ड-३ वाढवून दाखवले. पिसांनी झाकलेल्या पक्ष्यावर हे किरण कुठे काम करतात, याचे उत्तर १९९४ च्या एका अभ्यासात आहे. कोंबडीच्या उघड्या पायांच्या त्वचेत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल पाठीच्या त्वचेपेक्षा सुमारे तीसपट असते. शिवाय आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश कोंबडीला काही प्रमाणात दिसतो. नेहमीच्या बल्बखाली तिच्या दृष्टीने एक रंग कमीच असतो आणि तो पोत्यातून देता येत नाही.