देवनागरी मजकुराची निवड व नक्कल : एक ऐतिहासिक विवेचन

ग्रामीण महाराष्ट्राच्या व्यवहारात ‘नक्कल’ हा शब्द जुना आणि वजनदार आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत जमिनीचा व्यवहार असो वा पीककर्ज, सातबाऱ्याची नक्कल लागतेच. पूर्वी ती तलाठी हाताने लिहून देत. मूळ व प्रत यांच्या एकरूपतेची हमी त्यांच्या नजरेवर आणि सहीवर अवलंबून असे. संगणक आल्यावर या हमीचा काही भाग लेखन-संपादनाच्या आज्ञावलीकडे गेला.

आज रूढ असलेली पद्धत अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात आकारास आली. लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी १९७४-७५ च्या सुमारास ‘जिप्सी’ हा संपादक सिद्ध केला. ग्रंथसंपादक कात्रीने कागद कापून खळीने अन्यत्र चिकटवीत. त्याच क्रियेचे हे अनुकरण होते. प्रथम खंड निवडावा, नंतर आज्ञा द्यावी, हा त्यातील क्रम. निवड म्हणजे वस्तुतः आरंभ व अंत अशा दोन सीमा. नक्कल करताना त्यांमधील मजकूर तात्पुरत्या साठ्यात, म्हणजे क्लिपबोर्डवर, जातो; कापताना तो मूळ जागेवरून नाहीसाही होतो. १९८३ च्या ‘लिसा’ व १९८४ च्या ‘मॅकिंटॉश’ संगणकांनी ही रीत सर्वत्र रूढ केली.

परंतु सीमा कोठे पडावी, याचे उत्तर रोमन लिपीपुरते सोपे होते. तेथे दोन अक्षरांमधील जागा हीच सीमा. देवनागरीत ‘कातकरी’ हा शब्द चार अक्षरांचा, पण संगणकात तो सहा संकेतांकांचा असतो. अंत्य वेलांटीपूर्वी सीमा पडल्यास ‘कातकर’ एवढेच उचलले जाते. अनुसूचित जमातीची नोंद ज्या शब्दावर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत ही चूक क्षुल्लक म्हणता येत नाही.

याहून मोठी अडचण जुन्या टंकांची होती. त्यांत अक्षरांच्या तुकड्यांना रोमन वर्णांचेच संकेतांक दिलेले असत. क्लिपबोर्डमार्फत साधा मजकूर म्हणून केवळ अंक जात, टंक मागे राहे. परिणामी दुसऱ्या ठिकाणी निरर्थक वर्णावली उमटे. १९९१ चे ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण आणि त्याच वर्षीचे ‘युनिकोड’ यांनी प्रत्येक वर्णास स्वतंत्र ओळख दिली. तरीही अक्षराची सीमा लगेच निश्चित झाली नाही. युनिकोडचा सर्वसाधारण नियम मात्रा व्यंजनाशी जोडी, मात्र हलन्तानंतर तोडी. म्हणून ‘जिल्हा’ या शब्दाचे ‘जि’, ‘ल्’, ‘हा’ असे तीन खंड होत. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीने जोडाक्षर अखंड मानले आणि ‘जि’, ‘ल्हा’ हे दोनच खंड उरले.

यावरून असे दिसते की, निवडीचे एकक अक्षर असावे. चूक पुसताना मात्र एकेक चिन्ह मागे जाण्याची सोय हवी, अन्यथा एका मात्रेसाठी सबंध अक्षर पुन्हा लिहावे लागेल. हे दोन व्यवहार भिन्न आहेत, हा भेद लक्षात न घेता केलेला संपादक देवनागरीची विश्वासार्ह नक्कल देऊ शकणार नाही.